उत्तरेश्वरकाकांनी न पाहिलेली बाग

आमच्या कंपनीची बस सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कात्रज डेअरीपासून सुटायची आणि सव्वा तासानं खराडीला पोचायची. मध्ये सात पंचवीसला ती बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर यायची. २००५ च्या जुलैत, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, मी चुकीच्या कोपऱ्यावर उभी होते. बस माझ्यासमोरून गेली, पन्नास पावलांवर जाऊन थांबली, आणि ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं. मी धावत गेले.

"नवीन हाय ना?" मी दार ओढून घेत असताना त्यांनी विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"फाईल छातीशी धरलीय. जुनी माणसं डबा धरत्यात."

हे उत्तरेश्वर तांदळे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याचे. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. किरकोळ बांधा, कपाळावर आडवी आठी, आणि शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक छोटा कंगवा. तो त्यांनी कधी वापरलेला मी पाहिला नाही. त्यांनी माझं गाव विचारलं. मी लातूर सांगितलं. आमच्या भागात गावानंतर आडनाव विचारतात आणि त्यानंतर पुढचं बोलणं कुठे जायचं ते ठरतं. आमचं घर बौद्ध, त्यामुळे ते ठरणं मी लहानपणापासून पाहत आलेली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "चहा घेऊन निघालाव का?"

मी त्यांच्या सीटच्या मागच्या जागेवर बसले, आणि पुढची साडेतीन वर्षं तिथेच बसत राहिले. त्याचं खरं कारण असं की मागे सगळे इंग्रजीत बोलायचे. मला इंग्रजी लिहिता यायचं, कोड लिहिता यायचा, पण तोंड उघडलं की वाक्य मध्येच मोडायचं. ऑफिसात दिवसभर मी गप्प असे. ड्रायव्हरच्या मागे बसलं की कुणी बोलायला येत नसे आणि काकांशी मात्र आपल्या बोलीत बोलता येई. पहिल्या तीन महिन्यांत मी दोनदा राजीनामा लिहिला. दोन्ही वेळा तो पर्समध्येच राहिला, कारण सकाळी बसमध्ये बसल्यावर त्याचा जरा विसर पडायचा.

एकदा मला परदेशातल्या साहेबांपुढे वीस मिनिटं बोलायचं होतं. आठवडाभर मी मुंढव्याच्या पुलावरच्या गर्दीत बस अडकली की हळू आवाजात ते भाषण म्हणून बघत होते. काकांना इंग्रजी येत नव्हतं. चौथ्या दिवशी ते आरशात बघत म्हणाले, "ताई, शेवटाकडं एक लांब शब्द हाय बघा. तिथं तुम्ही रोज अडखळताय. तो काढून दुसरा घालता येत न्हाई का?"

मी तो शब्द काढला. भाषण नीट झालं. संध्याकाळी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि हॉर्न वाजवून एका रिक्षाला बाजूला केलं.

त्यांचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. आईवडील ऊसतोडणीला जायचे. सहा महिने गाव, सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची, खोप. कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ते गाडी चालवायला शिकले. लग्न झाल्यावर, एकोणनव्वद साली, बायकोला घेऊन पुण्यात आले. मंडईत भाजीचा टेम्पो चालवला. मग भोसरीला एका कारखान्याचा माल वाहिला. तो कारखाना सत्त्याण्णवला बंद पडला, कारण तसलीच वस्तू बाहेरच्या देशातून निम्म्या किमतीत यायला लागली होती. मग एका ठेकेदाराकडे शाळेची बस. आणि त्याच ठेकेदारानं पुढे आयटी कंपन्यांचं काम घेतलं तेव्हा आमची बस. "आधी कांदा नेला, मग लोखंड, मग पोरं," ते म्हणायचे, "आता इंजिनेर. इंजिनेरच लई आवाज करत्यात."

खराडीला जिथे आमचं ऑफिस होतं तिथे त्यांनी बाजरी उभी असलेली पाहिली होती. त्याबद्दल त्यांना हळहळ होती असं नाही. त्यांची मुलगी उत्कर्षा कॉलेजात जात होती आणि तिला संगणकाचंच काहीतरी शिकायचं होतं.

२००८ संपता संपता अमेरिकेत बँका बुडाल्या आणि त्याचा धक्का आमच्या बसपर्यंत पोचला. कंपनीनं नोटीस लावली की जानेवारीअखेर कात्रजची बस बंद. ज्यांना यायचं त्यांनी आपापलं यावं. आम्ही अठ्ठावीस जण त्या बसमध्ये रोजचे होतो. लग्नं जमली होती, एकाचं मोडलंही होतं, आणि कितीतरी वाढदिवसांचे केक त्या मधल्या वाटेत कापले गेले होते. साई नावाचा आमचा एक सॉफ्टवेअर टेस्टर होता, सोलापूरचा. सगळं ठरवायची त्याला हौस. तो उभा राहून म्हणाला, "बंद होण्याआधी एक ट्रिप काढू. रविवारी, ह्याच बसनं. काका आणि काकू पण येणार, गेस्ट म्हणून."

जायचं कुठे, यावर मुंढव्यापासून खराडीपर्यंत वाद झाला आणि शेवटी कोंढव्याच्या पुढच्या टेकडीवरचं मोठं उद्यान ठरलं. पन्नासएक एकरांत पसरलेलं ते उद्यान पुण्यातल्या प्रत्येक शाळेच्या सहलीचं ठिकाण होतं. आत वेगवेगळ्या तऱ्हेच्या बागा होत्या. जपानी, मुघल, निवडुंगांची, गुलाबांची, सुवासाची, सत्तावीस नक्षत्रांच्या सत्तावीस झाडांची.

"काका, तुम्हाला माहीत असेल ना रस्ता?" साईनं विचारलं.

काका आरशात बघत नव्हते. "दुसरीकडं जाऊ की," ते म्हणाले. "सिंहगडाला जाऊ."

साडेतीन वर्षांत या माणसानं कुठल्याच गोष्टीबद्दल स्वतःहून मत दिलं नव्हतं. सगळे हसले, कुणीतरी म्हणालं की काकूंना गड चढवणार का, आणि बाग पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर बस अडकली तेव्हा काका हळूच म्हणाले, "ताई, एक घोळ झालाय."

मग त्यांनी सांगितलं. २००३ च्या दिवाळीनंतर त्यांच्या बायकोच्या, द्वारकाकाकूंच्या, पाठीत दुखायला लागलं. आधी कंबर लचकली असेल म्हणून तेल लावलं. मग पाय बधिर व्हायला लागले. डॉक्टरांनी मणक्याचा टीबी सांगितला. औषधं वर्षभर घ्यायची आणि पहिले सहा-सात महिने पाठ टेकून पडून राहायचं, उठायचं नाही. कात्रजच्या मागे संतोषनगरात त्यांची एक खोली. पत्र्याची. उत्कर्षा शाळेत, काका बसवर. शेजारच्या सुशीलाबाई दुपारी येऊन भाकरी भरवून जात. बाकी दिवसभर काकू छताकडे बघत पडलेल्या.

"संध्याकाळी गेलो की इचारायची, आज कुठं गेलता. शाळेच्या सहली असायच्या त्या बागेला. डिसेंबरपास्नं मार्चपर्यंत दर आठवड्याला. मी सांगायचो, बागेला गेलतो. मग म्हणायची, आत काय काय हाय?"

पुढची गाडी दोन हात सरकली, तेवढी काकांनी आपली सरकवली.

"मी कधी आत गेलोच न्हाई, ताई. ड्रायव्हरला तिकीट बी नव्हतं तिथं, माफ होतं. पण पोरांची दप्तरं गाडीत, डबे गाडीत. सोडून जायचं कसं? एकदा दुसऱ्या गाडीतलं डिझेल काढून नेलं कुणीतरी. मग मी पार्किंगलाच बसायचो. पहिल्या दिवशी तिला खरं सांगितलं की बाहेर होतो. तिनं भिंतीकडं तोंड केलं. तोंड करायला सुद्धा तिला दोन मिन्टं लागायची. मला ते बघवंना. पुढच्या बारीला पोरं गाडीत आली तशी इचारून घेतलं. काय पाहिलं, कुठं पाहिलं. आन् रात्रच्याला जेवताना सांगितलं, जसं मीच बघितलं."

त्यानंतर दर सहलीला परतीच्या वाटेवर ते मुलांना विचारत. शाळेच्या बाईंना वाटे, ड्रायव्हर मुलांचं सामान्यज्ञान तपासतो आहे. मुलं भरभरून सांगत आणि मुलं सांगतात तसंच सांगत. एका मुलीनं बसच्या चाकाएवढं कासव पाहिलं होतं. एकीनं गाणारा दगड पाहिला होता. धबधबा मोबाइलच्या टॉवरएवढा होता. काका ते सगळं घरी नेत आणि काकूंना ओळीनं सांगत. गेटमधून आत गेलं की डावीकडे गुलाब, मग लाल पूल, पुलाखाली केशरी मासे, पलीकडे कासव.

"ती उठून बसायला लागली तवा म्हणाली, मला घेऊन चला. मी म्हटलं, पुढच्या साली. असं करत चार वर्सं काढली. आता तुम्ही लोकांनी तिला बोलावलंय. काल सांगितलं तर तिनं ट्रंकेतलं लुगडं काढून उन्हात टाकलं."

मी म्हटलं, "काका, मग एखाद्या दिवशी आधीच जाऊन बघून या की. अर्धा दिवस लागेल."

"न्हाई. आता चोरून बघून यायचं म्हंजे पुन्हा लबाडी. ती तेवढी एक होती तेवढी बास." त्यांनी गिअर टाकला. "सांगावं लागंल. कसं सांगावं ते कळंना."

रविवारपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. हे मला रविवारी सकाळी डेअरीपाशी काकूंना पाहिलं तेव्हाच कळलं.

द्वारकाकाकू उंच होत्या, काकांपेक्षा बोटभर जास्तच. हिरवं लुगडं, त्याच्या आत कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा, त्यामुळे त्या अगदी ताठ चालत. बरोबर मोठ्या पितळी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तीसेक माणसांना पुरेल एवढी. माझ्या शेजारी बसल्या आणि माझं नाव आपल्या बोलीत वळवून म्हणाल्या, "तू परियादर्शनी. ह्यांनी सांगितलंय. तुझं भाषण चांगलं झालं म्हणत होते." नंतर सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुम्ही कुणी बघितलीय का बाग? न्हाई? मग माझ्या मागं चला. मला सगळी तोंडपाठ हाय."

आरशात मला काकांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

पार्किंगला बस लावली तसा तिथला म्हातारा पहारेकरी काठी टेकत आला. बाबुराव त्याचं नाव. काकांची आणि त्याची जुनी ओळख होती. काका दार लावून बाकीच्यांच्या मागे निघालेले बघून तो म्हणाला, "काय रे उत्तरेश्वर, आज आत? बरं झालं. जा, गाडीकडं मी बघतो. इतकी वर्सं म्हणतोय तुला."

काकू चार पावलं पुढे होत्या. त्या थांबल्या, मागे वळून बघितलं, आणि पुन्हा चालायला लागल्या. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसावं.

आत गेल्यावर त्या डावीकडे वळल्या. डावीकडे गुलाब नव्हते, निवडुंग होते. तऱ्हेतऱ्हेचे, काही भोपळ्यासारखे, काही माणसाच्या उंचीचे. काकू बघत उभ्या राहिल्या. साई म्हणाला, "काकू, गुलाब तिकडे उजवीकडे आहेत, बोर्डवर नकाशा आहे." काकू म्हणाल्या, "बदललं असंल." काकांनी खिशातला कंगवा काढला आणि परत ठेवला.

पुढे कासव भेटलं. ते बसच्या चाकाएवढंच होतं, पण सिमेंटचं, आणि त्याच्या पाठीवर एक कुटुंब बसून फोटो काढत होतं. धबधबा दोन पुरुष उंचीचा होता, आणि आम्ही पोचलो तेव्हा पंप बंद असल्यामुळे नुसते ओले दगड होते. गाणारा दगड मात्र खरा निघाला. वाटेच्या कडेला एका खोट्या दगडात स्पीकर बसवला होता आणि त्यातून सनई वाजत होती. काकूंनी वाकून दगडाला कान लावला. पट्ट्यामुळे त्यांना वाकता येत नव्हतं, मी दंड धरला. "हे बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

पोरं पांगत गेली. जपानी बागेत आलो तेव्हा काका, काकू, साई आणि मी असे चौघंच उरलो होतो. तिथे तांबडा लाकडी पूल होता, कमानीसारखा वर चढून खाली उतरणारा. खाली तळं, आणि तळ्यात खरोखर केशरी मासे. काकू पुलाच्या मध्यावर जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "हितं उभं राहून तुम्ही मासे मोजले होते. एकवीस."

काका पुलाच्या पायथ्याशी उभे होते. वर आले नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले. "मी न्हाई मोजले. मी कधी आत आलोच न्हाई. मी गाडीतच असायचो. ते एका पोरीनं मोजले होते."

साईनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं तिथून जायला निघालो, पण वाट काकांच्या बाजूनंच होती आणि ते वाटेच्या मधोमध उभे होते. काकू हळूहळू पूल उतरल्या आणि तळ्याकाठच्या बाकावर बसल्या. माशांकडे बघतच त्यांनी विचारलं.

"आन् गुलाब?"

"त्यांच्या बाई सांगत होत्या."

"तो धबधबा?"

"पोरांनी."

"डबा कुठं खायचा मग?"

"गाडीत."

"उन्हात?"

"सावलीला लावायचो. पण ऊन फिरायचं."

मग काकू जे बोलल्या ते काकांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"मला तुमचा राग यायचा," काकू म्हणाल्या. "मी तिकडं घरी पत्र्याखाली मढ्यावानी पडलेली, आन् हे आपले पुलावर उभं राहून मासे मोजायलेत. येऊन मला सांगायलेत, वर आन्. तुम्ही सांगायचा तवा मी ऐकायची, पर मनात म्हणायची, एवढी कसली मजा मारायलेत हे. सुशीलाबाईला सुद्धा बोलून दाखवलं मी. ती म्हणाली, पुरुषाची जात अशीच. म्हणलं, उठायचं. उठून, ह्यांच्या संगं न्हाई, एकटीनं जायचं त्या बागेत. डॉक्टर म्हणाले सात महिने, मी साडेपाच महिन्यात भिंत धरून उभी राहिले. त्या रागानंच."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघांमध्ये एका माणसाची जागा.

"मला वाटलं तुला बरं वाटतंय," ते म्हणाले.

"वाटायचं बी. दोन्ही वाटायचं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "चार वर्सं मनात धरून बसले मी. आन् हा माणूस गाडीत बसून ऊन खात होता." त्या माझ्याकडे वळल्या. "बघ गं परिया, काय माणूस हाय."

साईला काही सुचलं नाही की तो खायला काढतो. त्यानं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दोघांपुढे धरला. काकूंनी घेतला, अर्धा मोडला, आणि उरलेला अर्धा न बघताच डावीकडे सरकवला. काकांनी तो घेतला.

मग त्या उठल्या. "चला," त्या म्हणाल्या. "आता मला बी म्हाईत न्हाई आन् तुम्हाला बी न्हाई. बघू एकएक."

त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. एरवी मान खाली घालून चालणारा तो माणूस प्रत्येक पाटीपुढे थांबायला लागला. मला वाचायला सांगायचा, मग पुढच्या माळ्याला विचारायचा की ह्याला पाणी किती, हे कुठल्या देशाचं, कलम करता येतं का. गुलाबांच्या बागेत काकूंनी एकेका रांगेतून जाऊन वास घेतला आणि निवाडा दिला की मोठ्या फुलांना वास नाही, बारक्यांना आहे. सुवासाच्या बागेत पानं चोळून हुंगायची होती. दोघांनी इतकी पानं चोळली की काकांच्या बोटांना संध्याकाळी स्टीअरिंगवरसुद्धा वाळ्याचा आणि तुळशीचा वास येत होता.

नक्षत्रवनात गोल मांडणीत सत्तावीस झाडं होती आणि प्रत्येकाखाली नक्षत्राचं नाव. लोक आपापलं जन्मनक्षत्र शोधून तिथे फोटो काढत होते. काकांना आपलं माहीत नव्हतं. "आमच्यात कोण लिहून ठेवतंय. आमच्याकडं नक्षत्र म्हंजे पेरणी." मग त्यांनी आम्हाला ती झाडं पेरणीच्या हिशेबानं दाखवली. मृगाचा खैर, आर्द्रेचं काय ते झाड त्यांना ओळखू येईना, पुनर्वसूचा वेळू, मघाचा वड. कुठल्या नक्षत्राचा पाऊस खरिपाला लागतो, कुठल्याचा रब्बीला, कुठला येऊन नुसता चिखल करतो. हळूहळू आमची पांगलेली माणसं येऊन त्यांच्याभोवती उभी राहिली. रोज त्यांच्या पाठीमागे बसणारे पंचवीसएक जण पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दिल्लीचा एक जण होता, त्याला साई हिंदीत समजावून सांगत होता. हस्ताच्या, म्हणजे गावाकडच्या हत्तीच्या पावसाच्या, जाईपाशी काकू म्हणाल्या, "हे चुकलं. हत्तीचा पाऊस मघाच्या वडापेक्षा मोठा, आन् त्याला एवढीशी येल?"

दुपारी हिरवळीवर जेवलो. दशम्या संपल्या तरी डबा पुसून चटणी खाल्ली. साईनं भाषण करायचा घाट घातला होता. सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड, आणि वर्गणी काढून आणलेलं मनगटी घड्याळ. काका उभे राहिले. त्यांना बोलायला सांगितलं.

"तुम्ही लोकं चांगली होता," ते म्हणाले. "कुणी उशीर केला तरी उद्धट बोलला न्हाई. आज तुम्ही हिला आणलं. मला आणलं." बस, एवढंच. ते खाली बसले, आणि मग पुन्हा अर्धे उठून म्हणाले, "साडेचारला निघू. घाईगडबड करू नका, पर साडेचारला."

परतताना काकू त्यांच्या मागच्या जागेवर, माझ्या शेजारी, बसल्या होत्या. कोंढव्याच्या उतारावर त्यांनी पुढे झुकून काकांना विचारलं, "हितनं रोज जायचा?" काका म्हणाले, "न्हाई, रोज पलीकडनं. मुंढव्याकडनं." "तिकडं काय हाय?" "काय न्हाई. पूल हाय. गर्दी असते." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता खरं सांगायलेत."

बिबवेवाडीला मी उतरले. पायरीवरच वळून मी नमस्काराला वाकले. काकांनी पाय मागे घेतला. "गाडीच्या पायरीवर नको, ताई. पडाल."

बस महिनाअखेरीला बंद झाली. काका पुन्हा शाळेच्या गाडीवर गेले. पुढच्या हिवाळ्यात सहल त्याच बागेला निघाली तेव्हा काकूंनी स्वतः शाळेच्या बाईंना गाठलं आणि सांगितलं की ह्यांना मुलं मोजायला आत न्यावं, मोजण्यात पक्के आहेत. तेव्हापासून ते आत जातात. माझी नोकरी टिकली, मात्र त्या वर्षी चार महिने मला काही काम नव्हतं. सकाळी दोन बस बदलून खराडीला पोचायचं आणि रिकाम्या खुर्चीवर बसायचं. त्या दिवसांत दर रविवारी मी संतोषनगरात जेवायला असायची. काकूंनी कधी विचारलं नाही की ऑफिसात काय चाललंय. ताट वाढायच्या आणि पाठीला उशी लावून शेजारी बसायच्या. मला या शहरात ज्या माणसांनी टिकवलं त्यांची नावं मोजायला लागले तर साहेब लोक खूप खाली येतात.

२०११ मध्ये माझे आईवडील पहिल्यांदा पुण्यात आले. काकांनी सुट्टी काढून त्यांना स्टँडवरून आणलं आणि आधी आपल्या घरी नेलं. आईनं शेतातल्या तुरीची डाळ पिशवीत घालून आणली होती, ती काकूंच्या हातात दिली. मग ती काकांना म्हणाली, "पोरगी इथं एकटी हाय म्हणून मी सहा वर्सं नीट झोपले न्हाई. आम्हाला म्हाईतच नव्हतं की तुम्ही हाव."

काका जरा अवघडले. "आम्हाला बी त्यांचा आधार झाला," ते म्हणाले, आणि माझ्या वडिलांना विचारायला लागले की यंदा तुरीला फूल कसं धरलंय.

काकूंनी डाळीत हात घालून चाचपलं, चार दाणे तळव्यावर घेतले, आणि आईला विचारलं की ही शिजायला किती शिट्ट्या लागतात.